आयत्या बिळातला आंधळा

ओहोटीवाला

सॅन डिएगोला मोठ्या ओहोट्या उन्हाळ्यात भल्या पहाटे येतात आणि हिवाळ्यात दुपारी. त्यामुळे माझ्यासारख्या आळशी माणसाचा हंगाम डिसेंबर-जानेवारीच. जेवून निघायचं, बूट भिजवायचे, अंधार पडायच्या आत घरी.

परवा पाणी भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या शून्याच्या खाली दीड फूट जाणार होतं, म्हणजे मोठी ओहोटी. सनसेट क्लिफ्सखाली आम्ही चौघं होतो. त्यातल्या एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. पाण्याच्या अगदी कडेला, परातीएवढ्या एका दगडापाशी बाई थांबल्या. "हा उचलू. एकदाच. आणि सगळ्यांनी नीट बघा, कारण लगेच ठेवायचाय."

दगड उचलला. खाली जाडसर वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि अंगठा जेमतेम जाईल एवढं एक भोक. पाणी गढूळलं. मग त्या गढूळ पाण्यात काहीतरी गुलाबी वळवळलं. मला आधी वाटलं गांडूळ. मग वाटलं कोणाचं तरी कापलेलं बोट! बाईंनी ओंजळीत पाण्यासकट उचललं तेव्हा कळलं की मासा आहे. करंगळीएवढा, अंगावर एक खवला नाही, कातडी बुळबुळीत आणि इतकी पातळ की आतल्या रक्तानेच तो गुलाबी दिसतो. चेहऱ्यावर डोळे असायला हवेत तिथे मिरीच्या पुडीतल्या कणाएवढे दोन काळे ठिपके, तेही कातडीखाली. त्याने माझ्या बोटाला डोकं घासलं, मागे सरकला, पुन्हा घासलं. बघत नव्हताच तो, चाचपत होता.

त्याच भोकातून एक फिकट, जवळपास पारदर्शक कोळंबीसारखा प्राणी अर्धा बाहेर आला आणि झटक्यात आत गेला. बाई म्हणाल्या, "तो घरमालक."

माशाचं नाव टिफ्लोगोबियस कॅलिफोर्निएन्सिस. ग्रीकमध्ये टिफ्लोस म्हणजे आंधळा. कॅलिफोर्नियाचा दक्षिण किनारा आणि खाली मेक्सिकोतला बाहा कॅलिफोर्निया, एवढंच त्याचं जग. लांबी फार तर आठ सेंटिमीटर. आणि मोठा झाल्यावर राहतो फक्त घोस्ट श्रिंपच्या, म्हणजे त्या कोळंबीसारख्या घरमालकाच्या, बिळात. स्वतःला बीळ खणता येत नाही. श्रिंप खणतात, श्रिंप डागडुजी करतात, हे महाशय आयते राहतात.

कोणाला आणखी माहिती असेल तर लिहा. मी दोन दिवस हेच वाचतोय.

गोगलगाय

बापरे, मस्तच! "मिरीच्या पुडीतल्या कणाएवढे" वाचून अंगावर काटा आला.

पण शीर्षकाबद्दल शंका. नागोबा उंदराच्या बिळात शिरतो तो उंदराला गिळून. इथे तर मालक जिवंत आहे आणि घरातच आहे. मग म्हण लागू कशी?

आगाऊ_कार्टा

लागू होत नाहीच. हा नागोबा नव्हे, हा घरजावई.

ओहोटीवाला

@आगाऊ_कार्टा, घरजावई एकटा येतो रे. हे बायकोसकट आलेत.

गंमत नाही, खरंच. एका बिळात साधारणपणे श्रिंपची एक जोडी, नर आणि मादी, आणि माशांचीही एकच जोडी. दोन्ही जोड्या मुक्काम ठोकून असतात, अंडीही बिळातच. म्हणजे एक वाडा आणि दोन बिऱ्हाडं.

@गोगलगाय, तुमची हरकत मान्य. शीर्षक आता बदलत नाही पण.

चष्मेबहाद्दर

एक मूलभूत प्रश्न. अंडी बिळातच घातली तर पिल्लं नव्या बिळात जातात कशी? आंधळा मासा किनारा धुंडाळत हिंडणार?

ओहोटीवाला

इथेच तर खरी मजा आहे. पिल्लांना डोळे असतात! चांगले, चालणारे डोळे. अंड्यातून बाहेर पडली की ती उघड्या पाण्यात जातात, इतर बारीकसारीक जीवांबरोबर तरंगत वाढतात. मग किनाऱ्याकडे येऊन बीळ धरतात. त्यानंतर अंग वाढत जातं, डोळा मात्र वाढायचं नाव घेत नाही. वरून कातडी येते, हळूहळू जाड होते. मी पाहिलेले ठिपके म्हणजे त्या बालपणीच्या डोळ्यांचं जे काय उरलं ते.

जन्मतः आंधळा नाही तो. घर मिळाल्यावर आंधळा होतो.

पाणबुड्या

धागा आवडला. मी डायव्हिंग करतो, त्यामुळे मला याची नेमकी उलटी जोडी ओळखीची आहे.

लाल समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत प्रवाळांच्या आसपासच्या वाळूत गोबी (तुमचा आंधळाही याच जमातीतला) आणि पिस्तूल कोळंबी एकत्र राहतात. अशा गोबींच्या शंभरावर जाती आहेत. तिथे नजर अधू आहे ती कोळंबीची. ती दिवसभर बुलडोझरसारखी वाळू बाहेर ढकलत असते आणि मासा दाराशी पहारा देतो. कोळंबी बाहेर आली की तिची एक मिशी कायम माशाच्या अंगावर टेकलेली. माझ्यासारखा कोणी जवळ गेला की मासा शेपटी थरथरवतो, कोळंबी आत. आणखी जवळ गेलं की मासाही डोक्यावर सूर मारून आत.

मी एकदा श्वास रोखून जवळजवळ दहा मिनिटं वाळूवर पडून हे बघितलंय. (श्वास रोखून म्हणजे म्हणायची पद्धत. डायव्हिंग करताना श्वास रोखू नये!) त्या मिशीचा स्पर्श एकदाही सुटत नव्हता.

तर तिथे मासा डोळे देतो आणि घर घेतो. व्यवहार चोख. तुमच्या कॅलिफोर्नियाच्या माशाकडे द्यायला डोळेच नाहीत. मग श्रिंपला मिळतं काय?

शंकासूर

हेच विचारायला आलो होतो. +१

ओहोटीवाला

श्रिंपला काही मिळत असल्याचं दिसत नाही. आणि काही जातंय असंही नाही. सहभोजी म्हणतात तसला प्रकार. श्रिंप पोटाखालच्या वल्ह्यांसारख्या पायांनी बिळातून सतत पाणी खेळवत ठेवतात. त्या पाण्याबरोबर शेवाळाचे तुकडे, बारीक जीव आत वाहून येतात, त्यावर माशाचं भागतं. श्रिंपला त्या पाण्याची गरज तशीही असतेच. म्हणजे पंखा मालकाचा, वीज मालकाची, वारा दोघांना.

या माशाचा नीट अभ्यास केला जॉर्ज मॅकगिनिटी यांनी. कॅलिफोर्नियातल्या कोरोना डेल मार इथल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या सागरी प्रयोगशाळेत ते होते, १९३९ साली त्यांनी सगळं प्रसिद्ध केलं. बिळात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून त्यांनी मासे काचेच्या नळ्यांत ठेवले. नळी हेच बीळ.

नळीतल्या जोडप्याकडे परका नर सोडला की घरचा नर त्याच्याशी झुंजायचा, घरची मादी लक्ष द्यायची नाही. परकी मादी सोडली की घरची मादी तुटून पडायची आणि नवरोबा तटस्थ! आणि जोडीतला एक काढून त्याच्या जागी त्याच लिंगाचा दुसरा ठेवला, तर उरलेला त्याला जोडीदार म्हणून चालवून घ्यायचा.

गोगलगाय

म्हणजे निष्ठा बिळाशी. माणसाशी नाही. आपलं, माशाशी नाही.

आगाऊ_कार्टा

गोगलगाय ताई, आमच्या सोसायटीत असे बरेच आहेत.

जुनी_वही

उशिरा येतेय, पण या माशाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण यात एक बाई आहे आणि तिचं नाव अजून कोणीच घेतलं नाही.

रोझा स्मिथ. जन्म १८५८, इलिनॉयमधला. १८७६ साली कुटुंब कॅलिफोर्नियात आलं आणि पुढे सॅन डिएगोत राहिलं. तिथल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतली ती पहिली स्त्री सभासद. वर्तमानपत्रात वार्ताहर म्हणूनही काम करायची. आणि फावल्या वेळात, लांब झगा सावरत, पॉइंट लोमाच्या खडकांत मासे गोळा करायची. ओहोटीवाला ज्या किनाऱ्यावर बूट भिजवतायत, तोच हा किनारा. झग्याचं वर्णन माझं, कुठे लिहिलेलं नाही, पण १८८० साली दुसरं काय असणार?

तिथे तिला हा आंधळा मासा मिळाला. त्यावरचा निबंध तिने सोसायटीपुढे वाचला. त्या सुमारास डेव्हिड स्टार जॉर्डन पॅसिफिक किनाऱ्यावरच्या माशांची पाहणी करत तिथे आले होते. पुढे स्टॅनफर्डचे पहिले अध्यक्ष झाले ते हेच. रोझाचं काम बघून ते इतके खूश झाले की त्यांनी तिला इंडियाना विद्यापीठात शिकायला बोलावलं. तेव्हा ती एकवीस-बावीस वर्षांची होती. एका बोटाएवढ्या माशाने पोरीला अर्धा देश ओलांडायला लावला.

१८८१ साली तिचं वर्णन छापून आलं. तिने नाव दिलं ओथोनॉप्स इओस. इओस म्हणजे ग्रीकांची पहाट. ओहोटीवाल्यांना कापलेलं बोट आठवलं, तिने पहाट म्हटलं. (राग मानू नका हो.)

पण ते नाव टिकलं नाही. व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या फ्रान्झ श्टाइंडाख्नर यांनी १८७९ सालीच त्याच माशाला टिफ्लोगोबियस म्हणून ठेवलं होतं. प्राणिशास्त्रात आधीच्या नावाचा मान. झालं. पहाट गेली, आंधळा राहिला.

रोझाने १८८७ साली कार्ल आयगनमान यांच्याशी लग्न केलं. तेही मत्स्यशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून दक्षिण अमेरिकेतल्या माशांवर भरपूर लिहिलं. पाच मुलं झाली, त्यातल्या एका मुलीला सतत काळजीची गरज होती. १८९३ नंतर रोझाचं संशोधन थांबलं. आणि कार्ल? त्यांनी आंधळ्या प्राण्यांचे डोळे हा विषय बरीच वर्षं धरून ठेवला. १९०९ साली त्यांचा त्यावरचा मोठा ग्रंथ आला, त्यात गुहेतल्या माशांबरोबर हा पॉइंट लोमाचा मासाही आहे. नवऱ्याची कीर्ती ज्या विषयात झाली त्यातला एक मासा बायकोने लग्नाच्या सात वर्षं आधी हातात धरला होता. मला हे वाचल्यापासून चैन नाही.

गोगलगाय

जुनी_वही, अप्रतिम. यावर वेगळा धागा काढाच. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासूर

माहिती छान. पण "बायकोचं श्रेय नवऱ्याने घेतलं" असा सूर लागतोय तो पटला नाही. त्यांनी चोरलं काय? डोळ्यांची चिरफाड करून अभ्यास त्यांनीच केला ना?

जुनी_वही

चोरलं असं मी कुठे म्हटलं? दोघांनी एकत्र छापलेले निबंध भरपूर आहेत, त्यांवर तिचं नाव आहे. मी एवढंच म्हणतेय की १८९३ नंतर त्याचं चालू राहिलं आणि तिचं थांबलं. पाच मुलं दोघांची होती.

चष्मेबहाद्दर

दोघंही जरा दम घ्या, मला डोळ्यांकडे यायचंय.

वापर नाही म्हणून अवयव झिजला, हे उत्तर डोक्यात पटकन येतं. गुहेतल्या प्राण्यांच्या आंधळेपणाचं खापर खुद्द डार्विननेही न वापरण्यावरच फोडलं होतं. पण बापाने डोळे वापरले नाहीत म्हणून पोराचे डोळे बारीक होत नाहीत. आज दोन कारणं मांडतात. एक, अंधारात डोळा बिघडला तरी काही बिघडत नाही, त्यामुळे बिघाड पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. दुसरं मला जास्त पटतं: डोळा महाग पडतो. डोळा आणि मेंदूतला त्याचा विभाग चालवायला सतत ऊर्जा लागते, झोपेतही.

२०१५ साली मेक्सिकोच्या टेट्रा माशांवर हे मोजलं गेलं. त्याच जातीचे काही मासे नदीत राहतात आणि त्यांना डोळे आहेत, काही गुहेत राहतात आणि आंधळे आहेत. एक ग्रॅमच्या पिल्लात दृष्टीचा खर्च विश्रांतीच्या वेळच्या एकूण ऊर्जेच्या सुमारे १५ टक्के निघाला. साडेआठ ग्रॅमच्या माशात ५ टक्के. जिथे खायला जेमतेम मिळतं, तिथे १५ टक्के म्हणजे चैन.

आता मला खटकतं ते हे. हा हिशेब पिल्लाला सगळ्यात जड जातो, आणि ओहोटीवाल्यांचा मासा डोळे ठेवतो तो नेमका पिल्लू असतानाच!

ओहोटीवाला

कारण पिल्लू बिळात नसतं ना. उघड्या पाण्यात भक्ष्य दिसायला हवं, शत्रू दिसायला हवा. तिथे १५ टक्के काय, २५ टक्केही द्यावे लागले तरी देणार. म्हणून गुहेतल्या टेट्रासारखं याला डोळ्याचं दुकान कायमचं बंद करून चालत नाही. दर पिढीत उघडायचं आणि दर पिढीत शटर ओढायचं.

गुहेत पिढ्यान्‌पिढ्या अंधारच. इथे एकाच आयुष्यात उजेड आणि अंधार दोन्ही, आणि क्रम ठरलेला. मला वाटतं हा मासा टेट्रापेक्षा जास्त विचार करायला लावतो, पण त्याच्यावर काम करणारे कमी. टेट्रा टाकीत सुखाने अंडी घालतो, याला आधी श्रिंपचं घर द्या.

निवटी_बघणारा

अवांतर: आपल्या खाजणातली निवटी पण गोबीच ना? चिखलावर उड्या मारते ती. तिचे डोळे तर डोक्यावर बेडकासारखे.

ओहोटीवाला

हो, आणि नुसती गोबी नाही, बरीच जवळची भाऊबंद. आता जे वर्गीकरण करतात त्यात निवटी आणि हा आंधळा एकाच कुळात, ऑक्सुडर्सिडी. एकाने डोळे डोक्यावर चढवले, दुसऱ्याने झाकून टाकले. दोघांनाही ओहोटीचा त्रास मात्र सारखाच. पाणी गेलं की बिळात प्राणवायू कमी होतो, आणि याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. कमी प्राणवायूत हा मासा तासन्‌तास तग धरतो.

आगाऊ_कार्टा

खातात का?

ओहोटीवाला

नाही रे बाबा. घोस्ट श्रिंप लोक गळाला आमिष म्हणून लावतात, पण ते बहुतेक चिखलवाळूतल्या दुसऱ्या जातीचे. याचा मालक दगडांखालचा.

पाणबुड्या

मॅकगिनिटी नावावरून आठवलं. त्याच किनाऱ्यावर चिखलात एक जाडजूड अळी राहते, उरेकिस काउपो. काउपो म्हणजे लॅटिनमध्ये खानावळवाला. नाव ठेवणाऱ्यांत हेच मॅकगिनिटी होते, १९२८ साली फिशर यांच्याबरोबर. तिच्या बिळात एक खवल्या किडा, एक वाटाण्याएवढा खेकडा आणि एक गोबी असे पाहुणे असतात. ही गोबी डोळस, अ‍ॅरो गोबी, येऊन जाऊन असते. मॅकगिनिटींनी पाहिलं की मांसाचा तुकडा गिळवेना इतका मोठा मिळाला की ती तो खेकड्यापुढे नेऊन टाकायची. खेकडा फाडत बसला की सुटे तुकडे हिने पळवायचे.

गोबीच्या खानदानात आयतं राहणं रक्तातच दिसतंय.

शंकासूर

सगळं ठीक, पण धाग्याच्या सुरुवातीलाच दगड उचललात. एका माशाच्या घराचं छप्पर काढून कौतुक चाललंय. पॉइंट लोमाला असं चालतं का?

ओहोटीवाला

प्रश्न रास्त आहे. पॉइंट लोमाचं दक्षिण टोक, दीपगृहाखालचं, राखीव आहे. २०१२ पासून कॅब्रिलो सागरी अभयारण्य. तिथून एक शिंपला उचलायलाही मनाई. आम्ही त्याच्या उत्तरेला होतो. पण मनाई नाही म्हणून काहीही करावं असं नाही, आणि मला तेव्हाही थोडं कसंतरीच वाटलं होतं.

बाईंनी काय केलं ते सांगतो. मासा भोकाच्या तोंडाशी सोडला, पाण्याखालीच, हात पाण्यातच ठेवून. तो लगेच आत गेला नाही. डोकं डावीकडे घासलं, उजवीकडे घासलं, मग भोक सापडलं आणि शेपटीपर्यंत गडप. त्यानंतर दगड. ज्या बाजूवर शेवाळ तीच वर, आणि मूळच्याच खळग्यात. टाकायचा नाही, एका कडेवर टेकवून सावकाश झोपवायचा, नाहीतर खालचं बीळ ढासळतं. दगड फिरवून उलटा ठेवला तर वरचं शेवाळ कुजतं आणि खालचे स्पंज उन्हात मरतात. दहा सेकंदांच्या कौतुकासाठी दहा वर्षांची वस्ती जाते, हे बाईंचं ठेवणीतलं वाक्य, आकडा त्यांचा.

शंकासूर

ठीक. पुढच्या वेळी उचलू नका म्हणजे झालं.

गोगलगाय

मला अजून म्हणीचं पडलंय. श्रिंप मेले तर?

ओहोटीवाला

मग बीळ ढासळतं. डागडुजी करणारा कोणी नाही, आणि माशाला खणता येत नाही. नागोबाला उंदीर संपला तर दुसरं बीळ शोधता येतं. याला बाहेर पडून शोधायचं म्हटलं तरी दिसणार काय?

गोगलगाय

मग शीर्षक बदलाच.

ओहोटीवाला

संपादकांना कळवतो. नवं तुम्हीच सुचवा. शनिवारी परत ओहोटी आहे, पावणेचारला. त्याच दगडापाशी जाणार आहे, फक्त बसायला. श्रिंपने भोकाच्या तोंडाशी नवीन वाळू टाकलेली दिसली तर इथे लिहीन.